नाक आणि शेपूट : लाँगबोर्डवरील नोजरायडिंगचा इतिहास

लाट पकडल्यावर लाँगबोर्डवरचा सर्फर एकेक पाऊल पुढे टाकत बोर्डाच्या अगदी टोकाशी जातो आणि लाट धावत असताना तेथे उभा राहतो. या कौशल्याला नोजरायडिंग म्हणतात. बोर्डाचे टोक म्हणजे त्याचे नाक. एका पायाची पाच बोटे नाकाच्या कडेबाहेर आली तर तो हँग फाइव्ह, दोन्ही पायांची दहा बोटे बाहेर आली तर हँग टेन. साध्या तर्काने पाहिले तर हे घडू नये. नऊ-दहा फूट लांबीच्या तरंगत्या वस्तूच्या एका टोकावर माणसाचे सगळे वजन आले, की ते टोक बुडायला हवे आणि दुसरे वर उचलले जायला हवे. स्थिर पाण्यात तसेच होते. योग्य लाटेवर मात्र बोर्ड सपाट राहतो, वेगाने पुढे जातो, आणि टोकावरचा माणूस कित्येक सेकंद जवळजवळ निश्चल उभा दिसतो.

हे कसे घडते आणि अधिक काळ कसे घडवता येईल, याचा शोध हवाई, कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातील बोर्ड घडवणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी घेतला. नाक आधी लाकडाचे व सपाट होते. मग ते वर उचलले गेले, अरुंद झाले, पुन्हा रुंद झाले, खालून खोलगट झाले आणि काही काळ नाहीसे होण्याच्या बेतात आले. या सगळ्या फेरफारांतून एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली. नाकाचा आकार नाकावर उभे राहणे सोपे किंवा अवघड करतो, पण ते मुळात शक्य होते ते शेपटीमुळे. ज्या कारागिरांनी नाक आणि शेपूट यांचा एकत्र विचार केला, त्यांचेच बोर्ड टिकले.

हवाईच्या फळ्या

लाटांवर स्वार होण्याचा खेळ हवाई बेटांवर युरोपीय जहाजे येण्याच्या कितीतरी आधीपासून रुजलेला होता. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ मध्ये केआलाकेकुआ उपसागरात पाहिलेल्या या खेळाचे वर्णन लिहून ठेवले आणि १७८४ मध्ये ते सफरीच्या अधिकृत वृत्तान्तात छापले गेले. हवाईच्या फळ्यांचे दोन मुख्य प्रकार होते. आलाया ही पातळ फळी कोआ किंवा उलु या झाडांच्या लाकडाची असे. यांतला उलु म्हणजे कोकणातला नीरफणस. ओलो ही जाड आणि पंधरा फुटांच्याही पुढे जाणारी फळी सरदार-राजांसाठी असे. ती विलिविलीच्या हलक्या लाकडापासून बनवत आणि विलिविली हे पांगाऱ्याच्या कुळातले झाड आहे. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात पाकी या सरदाराच्या फळ्या आजही जपलेल्या आहेत.

या फळ्यांचे पुढचे टोक गोलसर होते, पण ते उभे राहण्यासाठी नव्हते. फळीला फिन, म्हणजे शेपटीखाली पाण्यात उतरणारे पाते, नसे. पाण्याखाली घट्ट धरून ठेवणारे काहीच नसल्याने शेपूट केव्हाही बाजूला घसरे, आणि ते घसरू न देण्यासाठी स्वाराला शरीराचा भार मागच्या भागावर ठेवावा लागे. वळायचे तर पाय पाण्यात सोडून फळीची दिशा बदलत. अशा फळीवर पुढे चालत जाणे म्हणजे शेपूट मोकळी सोडणे. हवाईच्या स्वारांचे कौशल्य असामान्य होते, पण नोजरायडिंग ज्यावर उभे आहे तो आधार त्या फळीत नव्हता.

एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी हवाईची लोकसंख्या झपाट्याने घटली. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली अनेक जुने खेळही मागे पडले आणि सर्फिंग थोड्याच ठिकाणी उरले. विसाव्या शतकाच्या आरंभी वायकीकीच्या किनाऱ्यावर ते पुन्हा बहरले. १९०७ मध्ये जॉर्ज फ्रीथ हवाईहून कॅलिफोर्नियाला गेला आणि रेडोंडो बीचवर त्याने हा खेळ लोकांना दाखवला. वायकीकीत १९०८ मध्ये आउटरिगर कनू क्लब स्थापन झाला आणि १९११ मध्ये हुई नालू हा क्लब आकाराला आला. ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक काहानामोकू याने १९१४-१५ च्या दक्षिणी उन्हाळ्यात सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर स्वतः घडवलेल्या फळीवर प्रात्यक्षिक दिले. पुढे नाकाच्या आकारावरून ज्या दोन किनाऱ्यांत चुरस होणार होती, त्या दोन्हींवर बी असे हवाईतूनच आले.

उचललेले टोक

त्या काळच्या फळ्या बहुतेक रेडवूडच्या, सपाट आणि अतिशय जड होत्या. त्यांच्या नाकाची एकच अडचण सर्वांना छळत असे. लाटेच्या उतारावरून खाली येताना सपाट टोक पाण्यात घुसे, फळी जागीच थांबे आणि स्वार पुढे फेकला जाई. सर्फर याला पर्लिंग म्हणतात. सुमारे अर्धे शतक नाकाच्या आकारावर जो विचार झाला, तो या एका संकटावर मात करण्यासाठी झाला.

पहिला मोठा बदल मात्र शेपटीत घडला. टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने बिशप संग्रहालयातील जुन्या फळ्या दुरुस्त करताना त्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून त्याने पोकळ लाकडी बोर्ड तयार केला आणि १९३२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. १९३५ मध्ये त्याने एका वेगवान बोटीची छोटी कील काढून आपल्या बोर्डाच्या शेपटीखाली बसवली. बोर्डावरची ही पहिली फिन. तिच्यामुळे शेपूट पाण्यात ठाम बसू लागली आणि मागचा भाग पायाने सावरत बसण्याची सक्ती संपली. फिनचा सर्वत्र स्वीकार व्हायला आणखी दहा वर्षे लागली. दरम्यान १९३७ मध्ये वायकीकीतील जॉन केली, फ्रॅन हीथ आणि वॉली फ्रॉइसेथ या तरुणांनी शेपटीकडील भाग अरुंद तासून हॉट कर्ल हा प्रकार काढला. त्यांनाही घसरणारी शेपूट आवरायची होती आणि त्यासाठी त्यांनी फिनऐवजी आकाराचा मार्ग घेतला. अशा बोर्डावर रॅबिट केकाईने वायकीकीच्या छोट्या लाटांत जी चपळ शैली विकसित केली, तिचा पुढच्या कॅलिफोर्नियन सर्फरांवर मोठा प्रभाव पडला.

नाकाचा प्रश्न शास्त्रीय अंगाने हाती घेतला तो बॉब सिमन्स याने. कॅल्टेकमध्ये शिकलेल्या आणि विमान कारखान्यात काम केलेल्या या गणितज्ञाने पाण्यावर सरकणाऱ्या बोटींच्या तळांचा अभ्यास बोर्डाला लावला. त्याने जड फळ्यांच्या पुढच्या टोकाला लाकूड जोडून नाक वर उचलले. पुढे बाल्सा, फायबरग्लास, रेझिन आणि फोम यांचे थर एकत्र करून त्याने हलके बोर्ड बनवले. सिमन्स १९५४ मध्ये विंडनसी येथे सर्फिंग करताना मरण पावला. त्याच्या बोर्डांचे रुंद, चमच्यासारखे वर वळलेले नाक हे पर्लिंगवरचे पहिले पद्धतशीर उत्तर होते. रुंद पृष्ठ पाण्यावर लवकर सरकू लागते आणि पुढचा भार उचलून धरते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढच्या नोजरायडर बोर्डांचा पाया याच निष्कर्षावर रचला गेला.

मलिबू आणि पिग

१९४७ मध्ये जो क्विग याने डॅरिलिन झॅनक या तरुणीसाठी एक बोर्ड घडवला. तिला पेलेल आणि शिकायला सोपा जाईल असा तो हलका होता आणि त्याच्या नाकापासून शेपटीपर्यंत हळुवार बाक होता. मलिबूच्या लाटांवर हा बोर्ड इतका सहज वळू लागला, की पट्टीचे पुरुष सर्फर तो मागून नेऊ लागले. क्विग, मॅट किव्हलिन आणि त्यांच्या सोबत्यांनी याच धर्तीवर बोर्ड बनवले आणि त्यांना मलिबू चिप असे नाव पडले. बाल्साचे लाकूड काटेसावरीच्या दूरच्या नात्यातले, अतिशय हलके. त्यावर फायबरग्लासचे कवच आणि शेपटीखाली फिन, अशी घडण झाल्यावर बोर्डाचे वजन पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आले.

मलिबूची लाट या बोर्डाला साजेशी होती. फर्स्ट पॉइंट येथे गोट्यांच्या तळावर ती एका टोकापासून क्रमाने फुटत जाते आणि तिची भिंत लांब, गुळगुळीत व समान उताराची असते. अशा लाटेवर वळणे संपल्यावर बोर्ड एका रेषेत धावू लागतो. त्या वेळी पुढे सरकले की वेग वाढतो आणि मागे आले की तो कमी होतो. बोर्डावर पुढे-मागे चालणे ही वेग सांभाळण्याची पद्धत म्हणून सुरू झाली. पाय एकमेकांसमोरून टाकत चालण्याच्या रीतीला क्रॉस-स्टेप म्हणतात. या चालण्याचा शेवट नाकावर होणे ओघानेच आले.

हँग टेन प्रथम करण्याचे श्रेय बहुधा डेल व्हेल्झी याला दिले जाते. मॅनहॅटन बीचवर दुकान थाटलेल्या या कारागिराने १९५५ च्या सुमारास पिग नावाचा बोर्ड घडवला. त्यात सर्वांत रुंद भाग मध्यापासून मागे नेलेला होता. त्यामुळे नाक अरुंद व निमुळते झाले आणि मागचा भाग पुष्ट, कमरेसारखा रुंद झाला. वळताना हा मागचा भाग सहज फिरे आणि बोर्ड रेषेत आल्यावर लाटेच्या भिंतीत पक्का रुतून बसे. नाक अरुंद असूनही त्यावर उभे राहता येते, हे पिगने दाखवले. नाकाचा आकार हा नोजरायडिंगचा एकमेव घटक नाही, याचा तो सर्वांत जुना आणि सर्वांत ठसठशीत पुरावा आहे.

हे बोर्ड ऑस्ट्रेलियात पोहोचले ते १९५६ मध्ये. मेलबर्न ऑलिंपिकच्या निमित्ताने तेथे गेलेल्या अमेरिकन जीवरक्षकांनी, त्यांत ग्रेग नोल आणि टॉमी झान हे होते, आपले बाल्साचे बोर्ड सोबत नेले होते. लांब पोकळ बोर्डांवर सरळ रेषेत जाण्याची सवय असलेल्या ऑस्ट्रेलियनांनी या बोर्डावरची वळणे पाहिली आणि ते लगेच आपलेसे केले. आजही तेथे लाँगबोर्डला मलिबू किंवा नुसते मॅल म्हणतात.

फोमचे स्वातंत्र्य

बाल्साच्या ओंडक्यातून आकार काढताना लाकडाची लांबी, जाडी आणि धाग्यांची दिशा यांची बंधने पडत. १९५६ मध्ये सांता मोनिकाच्या डेव्ह स्वीट याने पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड विकायला सुरुवात केली. १९५८ मध्ये होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी हे फोम मोठ्या प्रमाणावर साच्यात ओतून बनवण्याचे तंत्र साधले. साच्यातून निघालेल्या ठोकळ्याच्या मध्यातून लाकडी पट्टी बसवत. तिला स्ट्रिंगर म्हणतात. मग रंधा आणि पॉलिशकागद यांनी आकार द्यायचा आणि वर फायबरग्लास व रेझिन चढवायचे.

या बदलाचा नाकावर खोल परिणाम झाला. लाकडात नाक वर वळवायचे तर जोड द्यावा लागे किंवा मोठा तुकडा तासून वाया घालवावा लागे. फोममध्ये हवा तो बाक साच्यातच येऊ लागला. तळ खोलगट करणे, कडा गोल ठेवणे, जाडी एका ठिकाणी कमी करणे ही कामे काही तासांची झाली. एक कारागीर आठवड्यात अनेक आकार करून पाहू शकत होता. १९५९ मध्ये गिजेट हा चित्रपट आल्यानंतर कॅलिफोर्नियात सर्फिंगची लाटच उसळली, बोर्डांना मोठी बाजारपेठ मिळाली आणि वेगवेगळे नाक घडवून विकण्याला अर्थ आला.

मलिबूवर लॅन्स कार्सन, मिकी डोरा, मिकी मुनियोझ आणि झरझर पावले टाकणारा ड्यूई वेबर यांनी नाकावरच्या उभे राहण्याला शैलीचे रूप दिले. हवाईच्या पॉल स्ट्रॉक याने मागच्या पायावर खाली बसून पुढचा पाय नाकापर्यंत ताणण्याची जी पद्धत रूढ केली, ती चीटर फाइव्ह म्हणून ओळखली जाते. तिच्यात बोटे नाकाबाहेर येतात, पण शरीराचा बराच भार मागेच राहतो.

नाक तरते कसे

नोजरायडिंगमध्ये बोर्डावर एकाच वेळी दोन बले काम करतात. नाकाखालून वेगाने जाणारे पाणी नाकाला वर ढकलते आणि शेपटीकडे पाणी बोर्डाला खाली धरून ठेवते. या दोन्हींचा तोल साधेपर्यंत टोकावरचा माणूस उभा राहतो.

शेपूट खाली धरली जाते ती दोन प्रकारे. फुटायच्या बेतात असलेल्या लाटेच्या सर्वांत उभ्या भागाला सर्फर पॉकेट म्हणतात. बोर्ड तेथे असताना लाटेचे पाणी वर चढत शेपटीच्या पाठीवरून पसरते आणि आपल्या वजनाने ती दाबून ठेवते. दुसरे कारण कडांच्या गोलाईत आहे. नळाच्या धारेला चमच्याची फुगीर बाजू हलकेच टेकवली, की चमचा दूर ढकलला जाण्याऐवजी धारेत ओढला जातो. वळणदार पृष्ठावरून वाहणारे पाणी त्या पृष्ठाला चिकटून वळते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पृष्ठ पाण्याकडे खेचले जाते. बोर्डाच्या मागच्या भागातील मऊ गोल कडा आणि शेपटीचा वरचा बाक यांवरून पाणी असेच चिकटून वाहते आणि शेपूट लाटेत ओढली जाते. म्हणून चांगल्या नोजरायडरची शेपूट रुंद असते, तिचा बाक ठळक असतो आणि तिच्या कडा धारदार नसतात. धारदार कडेवरून पाणी सुटून जाते, बोर्ड मोकळा व वेगवान होतो, पण शेपटीची पकड जाते. खोल, मागच्या बाजूला फारशी न झुकणारी मोठी फिनही शेपूट घसरू देत नाही.

नाकाच्या बाजूला चार गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली रुंदी. ती टोकापासून १२ इंचांवर मोजण्याची रीत आहे. तेथे १८ ते १९ इंच रुंदी असलेले नाक नोजरायडरचे मानले जाते. वळणांवर भर देणाऱ्या लाँगबोर्डचे नाक त्याहून इंच-दोन इंच अरुंद असते. नाक जितके रुंद, तितके खालून ढकलणाऱ्या पाण्याला पृष्ठ अधिक, आणि कमी वेगातही ते भार पेलते. याची किंमत उभ्या लाटेत मोजावी लागते. लाटेच्या भिंतीत रुंद नाकाची कड अडकते आणि वळताना पुढचा भाग जड वाटतो.

दुसरी गोष्ट तळाचा खोलगटपणा. नाकाखालच्या दोन-तीन फुटांत तळ हलकासा आत घेतात. सर्वांत खोल जागीही तो पाव इंचाच्या आसपासच असतो. सपाट तळाखालचे पाणी दोन्ही कडांकडून निसटते. खोलगट तळ त्याला थोडा वेळ अडवतो, त्यामुळे खालचा दाब वाढतो आणि नाक उचलले जाते. खोली वाढवली की उचल वाढते, पण पाण्याचा अडथळाही वाढतो आणि बोर्ड एका कडेवर झुकवताना खोलग्याची कड पाण्याला धरून बसते. म्हणून या खोलग्याचा मागचा शेवट हळुवार विरवणे ही कारागिराची खरी कसोटी असते.

तिसरी गोष्ट नाकाचा बाक. त्याला रॉकर म्हणतात. बाक कमी असेल तर नाकाचे मोठे पृष्ठ पाण्याला टेकते, उचल चांगली मिळते आणि बोर्ड वेगाने धावतो, पण लाटेवर उतरताना पर्लिंगचा धोका राहतो. बाक जास्त असेल तर नाक सुरक्षित राहते, मात्र टोकावर वजन आल्यावर ते पाणी फोडण्याऐवजी ढकलू लागते आणि बोर्ड मंदावतो. चौथी गोष्ट कडा आणि जाडी. नाकाच्या कडा वर-खाली सारख्या गोल असतील तर लाटेची भिंत चुकून कडेला लागली तरी बोर्ड उसळून फिरत नाही. पाठीचा पुढचा भाग पातळ केला, तर नाक हलके होते आणि पाय पाण्याच्या जवळ येतो.

यातून सर्फरच्या कृतीचा क्रमही उलगडतो. लाट पकडल्यावर तो बोर्ड मुद्दाम थोडा मंद करतो, म्हणजे पॉकेट शेपटीपर्यंत येते. पाणी शेपटीवर चढले की तो पुढे चालू लागतो. फार लवकर निघाला तर शेपूट मोकळी असते आणि नाक बुडते. फार उशीर केला तर फुटणारी लाट त्याला गाठते. रुंद आणि खोलगट नाक या दोन चुकांमधली मोकळीक वाढवते, पण लाटेची वेळ साधण्याचे काम माणसाचेच राहते.

नोजरायडरची वर्षे

१९६४ ते १९६६ या काळात नाक हेच बोर्डाचे मुख्य आकर्षण बनले. या काळाचे प्रतीक ठरलेली स्पर्धा ४ जुलै १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा येथे झाली. तिचा आयोजक टॉम मोरी हा गणिताचा पदवीधर होता. परीक्षकांच्या मतावर ठरणारे निकाल त्याला पटत नव्हते, मोजता येईल असे काहीतरी हवे होते. त्याने बोर्डाचा पुढचा पाव भाग नाक म्हणून ठरवला आणि त्या भागावर स्पर्धक किती सेकंद उभा राहतो हे घड्याळावर मोजले. एकूण बक्षीस १,५०० डॉलरचे होते. रोख बक्षिसाची ही पहिली सर्फिंग स्पर्धा मानली जाते. ती मिकी मुनियोझ याने जिंकली.

या नियमाने कारागिरांसमोर नेमके उद्दिष्ट ठेवले. सौंदर्य, वळणे किंवा लाटेचा आकार यांतले काही नाही, फक्त नाकावरचे सेकंद. नाक रुंद झाले, खोलगे मोठे झाले आणि शेपटीचा बाक वाढला. मोरीने स्वतः स्लिपचेक हा रंगीत खरखरीत फवारा बाजारात आणला. तोपर्यंत पाय घसरू नये म्हणून बोर्डावर मेण घासत. फवाऱ्यामुळे नाकाला कायमची पकड मिळू लागली आणि किनाऱ्यावर रंगीत नाकांचे बोर्ड सर्वत्र दिसू लागले.

मोठ्या कारखान्यांनी नामवंत सर्फरांच्या नावाने बोर्ड काढले. बिंग कोपलँडच्या कारखान्याने १९६६ मध्ये डेव्हिड नुउहिवा नोजरायडर हा बोर्ड आणला. हवाईत जन्मलेला नुउहिवा हा त्या वेळचा सर्वांत नावाजलेला नोजरायडर होता. त्याच्या नावाच्या बोर्डाला खोलगट नाक होते. त्याच वर्षी ग्रेग नोलने मिकी डोराचा डा कॅट हा बोर्ड काढला. त्याच्या पाठीचा पुढचा भाग पायरीसारखा खाली उतरवून पातळ केला होता. जेकब्ज सर्फबोर्ड्सने डोनाल्ड ताकायामाच्या नावाचा बोर्ड आणला. वायकीकीत वाढलेल्या ताकायामाला कोवळ्या वयात व्हेल्झीने कॅलिफोर्नियात आपल्या कामावर घेतले होते. पिग घडवणाऱ्याच्या हाताखाली तयार झालेल्या या कारागिराचे नाव पुढे या कथेत पुन्हा येते.

या वर्षांचे महत्त्व प्रयोगांच्या संख्येत आहे. खोलगा किती खोल असावा, कुठे संपावा, नाकाची जाडी किती ठेवावी, शेपूट किती वर वळवावी, हे सगळे प्रश्न तीनच वर्षांत शेकडो हातांनी आणि हजारो लाटांवर तपासले गेले. आजच्या नोजरायडरचे बहुतेक सगळे घटक तेव्हाच ठरले.

सॅन डिएगो आणि अस्त

१९६६ च्या जागतिक स्पर्धा सॅन डिएगो येथे झाल्या. नुउहिवाच जिंकेल असे कॅलिफोर्नियनांना वाटत होते आणि त्याने नाकावर दीर्घकाळ उभे राहून त्या अपेक्षेला कारणही दिले. विजेता ठरला तो ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग. सॅम नावाचा त्याचा ९ फूट ४ इंचांचा बोर्ड त्या काळच्या मानाने पातळ होता आणि त्याची लवचीक फिन जॉर्ज ग्रीनॉच याच्या कल्पनेवर बेतलेली होती. यंगने लाटेच्या उभ्या भागात परत परत वळून, सगळी लाट वापरून सर्फिंग केले. नाकावर स्थिर उभे राहण्यापेक्षा लाटेवर सतत हालचाल करणे श्रेष्ठ, असा अर्थ त्या निकालातून सर्वत्र घेतला गेला.

बोर्ड लहान होत चालले. १९६७ मध्ये बॉब मॅकटॅव्हिशने व्ही आकाराच्या तळाचे छोटे बोर्ड घडवले, हवाईत डिक ब्रुअरने निमुळत्या टोकाचे मिनी-गन केले. १९७० पर्यंत बहुतेक सर्फर सात फुटांच्या आत-बाहेरच्या बोर्डावर होते. लांबी गेली तशी नाकाची भूमिकाही बदलली. छोट्या बोर्डाचे नाक टोकदार झाले, कारण उभ्या लाटेत ते अडकू नये एवढेच त्याचे काम उरले. नाकावर उभे राहता येईल असा बोर्ड दुकानातून जवळजवळ दिसेनासा झाला.

पुनरागमन

अनेक मध्यमवयीन सर्फरांना छोटे बोर्ड मानवले नाहीत आणि मंद, लहान लाटांच्या किनाऱ्यांवर ते चालतही नव्हते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लाँगबोर्ड पुन्हा दिसू लागले. १९८० च्या दशकात जागतिक लाँगबोर्ड स्पर्धा सुरू झाल्या. १९८६ चे विजेतेपद नॅट यंगनेच मिळवले. ज्याच्या विजयाने लाँगबोर्ड मागे टाकला गेला होता, त्याच्याच हातून तो पुन्हा प्रतिष्ठेला आला. पुढे १९८८, १९८९ आणि १९९० मध्येही तोच विजेता ठरला.

या नव्या लाँगबोर्डांवर छोट्या बोर्डांचा ठसा स्पष्ट होता. ते हलके होते, त्यांचे नाक अरुंद व अधिक बाकदार होते, मागच्या कडा धारदार होत्या आणि मोठ्या फिनच्या दोन्ही बाजूंना लहान फिना होत्या. ते झपाट्याने वळत, पण नाकावर फार वेळ राहू देत नसत. याला पर्याय शोधणाऱ्यांत ताकायामा अग्रभागी होता. हवाईयन प्रो डिझाइन्स या आपल्या नावाखाली त्याने १९६० च्या दशकातील रुंद, खोलगट नाक नव्या हलक्या सामग्रीत पुन्हा घडवले. त्याच्या बोर्डांवर तरुण जोएल ट्यूडर वाढला. ट्यूडरने १९९८, २००४ आणि २०२१ मध्ये जागतिक लाँगबोर्ड विजेतेपद मिळवले आणि जुन्या धाटणीच्या चालण्याला व नाकावर उभे राहण्याला पुन्हा स्पर्धेच्या केंद्रस्थानी आणले. २०१० पासून त्याने भरवलेल्या डक्ट टेप इन्व्हिटेशनल स्पर्धांनी अभिजात शैलीलाच निकष मानले. वायकीकीच्या केलिया मोनिझने २०१२ आणि २०१३ मध्ये महिलांचे विजेतेपद मिळवले. तिच्यासारख्या स्त्री सर्फरांमुळे नोजरायडिंगची लयबद्ध शैली जगभरच्या नव्या पिढीपर्यंत पोहोचली. ऑस्ट्रेलियातील नूसा येथे भरणाऱ्या महोत्सवानेही या शैलीला घर दिले.

आजची नाके

आज लाँगबोर्ड घडवणारा कारागीर या सगळ्या काळांतून निवड करतो. तीन प्रकार मुख्य आहेत. नोजरायडर जातीचा बोर्ड साधारण साडेनऊ फुटांचा, जड, रुंद व गोल नाकाचा, नाकाखाली खोलगट आणि ठळक बाक असलेल्या रुंद शेपटीचा असतो. त्याची एकच मोठी फिन नऊ-दहा इंच खोल असते. लहान, स्वच्छ आणि हळू फुटणाऱ्या लाटांवर तो सर्वोत्तम चालतो. पिगच्या परंपरेतला बोर्ड अरुंद नाकाचा आणि मागे रुंद असतो. तो मागच्या भागाच्या पकडीवर भिस्त ठेवतो आणि उभ्या, जलद लाटेत नाक अडकण्याचा धोका कमी करतो, मात्र टोकावर जाण्याची वेळ अधिक अचूक साधावी लागते. तिसरा वळणांसाठीचा हलका लाँगबोर्ड. त्याचे नाक अरुंद व बाकदार असते आणि नोजरायडिंग त्यावर क्षणभराचे असते.

या तिन्हींच्या तुलनेतून नाकाच्या आकाराचे नेमके स्थान कळते. रुंदी आणि खोलगा उचल देतात, बाक सुरक्षितता देतो, गोल कडा क्षमाशीलता देतात आणि यांतल्या प्रत्येकाची किंमत वेगात किंवा वळण्यात चुकवावी लागते. लाटेचा वेग आणि उतार जितका वाढेल, तितके नाक अरुंद करणे शहाणपणाचे. लाट जितकी लहान आणि मंद, तितके ते रुंद करणे लाभाचे. शेपटीची पकड मात्र कोणत्याच प्रकारात कमी करता येत नाही. ब्लेकची फिन, सिमन्सचे उचललेले टोक, व्हेल्झीची रुंद कंबर आणि १९६० च्या दशकातला खोलगा ही चारही उत्तरे आजच्या प्रत्येक लाँगबोर्डात कमी-अधिक प्रमाणात एकत्र नांदतात. म्हणूनच बोर्ड निवडताना जाणकार नाक पाहतात आणि मग तो उलटून शेपूट पाहतात.